डाव्या चाकातली खरखर

«काका, मी कराडला शाळेत शिक्षिका आहे. माझी नऊ वर्षांची पेट्रोल हॅचबॅक आहे, 71 हजार किलोमीटर झालेत. मागच्या मंगळवारी पुढच्या दोन्ही चाकांचे ब्रेक पॅड बदलून घेतले. डिस्क जुन्याच ठेवल्या. तीन दिवस गाडी छान चालली. शुक्रवारी संध्याकाळपासून पुढच्या डाव्या चाकातून पत्र्यावर काहीतरी घासल्यासारखा आवाज येतोय, 'खर्र… खर्र… खर्र'. गाडी हळू असली की स्पष्ट ऐकू येतो. वेग वाढला की ती खर्र-खर्र भरभर येते आणि 50 च्या पुढे वाऱ्यात हरवून जाते. ब्रेक दाबला तरी फरक नाही. उजवीकडे वळताना जरा वाढतो असं वाटतं. गॅरेजवाले म्हणाले, 'मॅडम, नवीन पॅड आहेत, बसायला वेळ लागतो, चालवत राहा.' दीर म्हणतात बेअरिंग गेलंय, दोन्ही बाजूंची बदलून टाका. आमच्या गल्लीत पाइपलाइनसाठी रस्ता खणलाय, वर खडी पसरलीय, तिच्यावरूनच रोज जा-ये. पुढच्या आठवड्यात गौरी-गणपतीला माहेरी चिपळूणला जायचंय, कुंभार्ली घाटातून. बरोबर सासूबाई आणि दोन मुलं. जाऊ की नको? आणि कोणाचं ऐकू?»

ताई, पुढचं वाचायच्या आधी एक काम करून या. डिकीतला चाकाचा पाना काढा, हँडब्रेक ओढा, चाकं जमिनीवर असतानाच पुढच्या दोन्ही चाकांचे सगळे नट घट्ट आहेत का ते बघा. पॅड बदलताना ही दोन्ही चाकं उतरवली होती. हबवर, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागावर, माती किंवा गंज राहिला, किंवा नट तिरका बसला, तर त्या क्षणी तो घट्ट लागतो आणि दोन-चार दिवसांत सैल पडतो. म्हणून चाक उतरवून बसवलं की 50 ते 100 किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासायचे असतात. हे गॅरेजमध्ये फार क्वचित कोणी सांगतं, आणि गिऱ्हाईकही विचारत नाही.

सैल नटांचा आवाज तुम्ही लिहिलाय तसा सहसा नसतो. तो 'खट्-खट्' असा येतो, स्टिअरिंगला हातात थरथर जाणवते. तरीही पहिला पाना तिथेच लावायचा, कारण चाक निखळून पडण्याचा धोका इथे सगळ्यात जवळ असतो. नट समोरासमोरच्या जोडीने आवळा, एकामागून एक गोल फिरत नको. लहान गाड्यांना साधारण 85 ते 110 न्यूटन-मीटर इतकी घट्टाई सांगितलेली असते, तुमच्या गाडीचा नेमका आकडा तिच्या पुस्तिकेत सापडेल. पान्यावर उभं राहून उड्या मारायच्या नाहीत, त्याने आटे ताणतात आणि डिस्कही वाकडी बसू शकते. एखादा नट अर्धा-पाऊण फेरा सहज फिरला, तर गाडी जागेवरच ठेवा आणि मेकॅनिकला घरी बोलवा.

नट ठीक निघाले असं धरून पुढे लिहितो.

तुमच्या पत्रात मला सगळ्यात मोलाचा शब्द सापडला तो 'शुक्रवारी'. आवाज काय आहे हे प्रत्येक जण सांगतो, तो केव्हा सुरू झाला हे फार थोडे लोक सांगतात. मी बरीच वर्षं आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा ट्रेड शिकवला. मुलांना पहिल्या दिवशी वहीत दोन प्रश्न लिहून घ्यायला लावायचो: आवाज कधीपासून, आणि त्याच्या आधी गाडीला हात कुठे लागला? कामानंतर लगेच आलेला आवाज बहुधा त्या कामातच असतो. तुमच्या बाबतीत काम मंगळवारी, आवाज शुक्रवारी. मधले तीन दिवस गाडी गप्प होती. म्हणजे काम करताना काही उलटसुलट बसवलं असेल, तर ते मंगळवारी गॅरेजच्या दारातच ओरडायला हवं होतं. तीन दिवसांनी आवाज आला, त्याअर्थी एक तर काहीतरी हळूहळू सैल झालं, किंवा बाहेरून काहीतरी आत आलं. आणि त्याच पत्रात पुढे तुम्ही गल्लीतल्या खडीबद्दल लिहिलंय. ती ओळ वाचली आणि माझा पहिला संशय तिथेच गेला.

पण आधी तुम्हाला मिळालेल्या दोन सल्ल्यांबद्दल बोलतो. दोन्ही देणारे तुमच्या भल्याचंच बोलतायत, आणि दोन्हींत थोडं तथ्य आहे.

गॅरेजवाल्यांचं म्हणणं असं की नवीन पॅड बसायला वेळ लागतो. हे खरं आहे. डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी तबकडी, ब्रेक दाबला की पॅड तिला दोन्ही बाजूंनी आवळतात. जुन्या डिस्कवर जुन्या पॅडने बारीक गोल चरे पाडलेले असतात. नवीन पॅड सपाट असतो, त्याचं पूर्ण अंग डिस्कला टेकायला 200-300 किलोमीटर लागतात. तोवर ब्रेक दाबला की हलकी सरसर ऐकू येते, कधी बारीक चीं असा सूरही निघतो. यासाठी मोकळ्या रस्त्यावर 50-60 च्या वेगावरून 15-20 पर्यंत हळुवार ब्रेक लावत यायचं, पूर्ण थांबायचं नाही, असं आठ-दहा वेळा करायचं. मध्ये ब्रेक न लावता थोडं चालवून डिस्क निवू द्यायची. पण बघा, हा सगळा आवाज ब्रेक दाबल्यावरचा. तुमचा आवाज ब्रेकला जुमानतच नाही. पॅड बसायचा बाकी असेल तर तो पाय ब्रेकवर असताना बोलेल, पाय काढल्यावर जवळजवळ गप्प होईल. त्यामुळे 'चालवत राहा' हे उत्तर तुमच्या प्रश्नाचं नाही. मला राग त्या मेकॅनिकचा येत नाही, राग या गोष्टीचा येतो की समोर बाई आहे म्हणून कोणी गाडीत बसून दोन मिनिटांची ट्रायलसुद्धा मारली नाही. आवाज न ऐकता दिलेलं निदान ऐकून घेऊ नका.

आता दिरांचं बेअरिंग, म्हणजे चाक ज्यावर हलकं फिरतं तो भाग. त्यांनी ते हवेत सांगितलेलं नाही. गाडी उजवीकडे वळते तेव्हा तिचा भार डाव्या चाकांवर कलतो. डावं बेअरिंग खराब असेल तर त्या भाराखाली ते जास्त ओरडतं. उजवीकडे वळताना आवाज वाढतो हे तुम्ही सांगितलं आणि त्यांनी बरोबर डावीकडे बोट ठेवलं. पण बेअरिंगचा आवाज वेगळा असतो. तो घुमतो. जात्याची घरघर दुसऱ्या खोलीतून ऐकू यावी तसा, आणि 50-60 च्या वेगाला तो ठळक होतो. वेग वाढेल तसा चढतो. तुमचा आवाज उलट 50 च्या पुढे हरवतो आणि 10 च्या वेगाला स्पष्ट ऐकू येतो. शिवाय बेअरिंग अचानक शुक्रवारी संध्याकाळी ओरडायला लागत नाही. ते महिनोन्‌महिने हळूहळू कुरकुरत येतं, इतकं हळू की चालवणाऱ्याला सवय होऊन जाते आणि पाहुणा बसला की तो विचारतो, 'हा कसला आवाज?'

वळताना आवाज वाढण्याला दुसरंही कारण असू शकतं. भार पडला की हब आणि डिस्क केसभर कलतात. डिस्कच्या अगदी जवळ काही असेल, तर ते त्या केसभरानेच जास्त घासतं.

बेअरिंगबद्दल मी इतकं सावधपणे लिहितोय त्याला कारण आहे. पूर्वी एका ओळखीच्या गृहस्थांची गाडी माझ्याकडे आली होती. घासल्याचा आवाज, वळताना वाढणारा. मी चाक हाताने एकदा फिरवलं, खरखर लागली आणि बेअरिंग म्हणून मोकळा झालो. जुनं दाबून काढलं, नवीन बसवलं, अख्खा दिवस गेला आणि त्यांचे पैसे गेले. ट्रायलला निघालो, पहिल्याच वळणावर तोच आवाज. पुन्हा चाक उतरवलं, डिस्कमागचा पत्रा बोटाने बाहेर ओढला, तर हरभऱ्याएवढा खडा टपकन जमिनीवर पडला. ते गृहस्थ काही बोलले नाहीत, पैसेही परत घेतले नाहीत, आणि मला ते आजही टोचतं. त्या दिवसापासून घासल्याचा आवाज असला की आधी तो पत्रा बघितल्याशिवाय मी बेअरिंगचं नाव घेत नाही.

हा पत्रा म्हणजे काय ते सांगतो. पुढच्या चाकात चमकणारी लोखंडी डिस्क असते. तिच्या आतल्या बाजूला, इंजिनाकडे, एक पातळ पत्र्याची ताटली बसवलेली असते. कोणी तिला डस्ट कव्हर म्हणतं, कोणी बॅक प्लेट. चिखल-पाणी डिस्कवर थेट उडू नये हे तिचं काम. डिस्क आणि पत्रा यांच्यामध्ये फट असते फक्त काही मिलिमीटरची. टायरने उडवलेला एखादा टोकदार खडा या फटीत शिरला की अडकून बसतो. डिस्क फिरते, पत्रा स्थिर, मध्ये खडा. डिस्क शंभर टक्के सरळ कधीच फिरत नाही, किंचित डोलते, त्यामुळे फेरीगणिक एकदा ती खड्याला जास्त रगडते. 'खर्र… खर्र… खर्र' हा ताल तिथून येतो. ब्रेकशी याचा काही संबंध नाही, म्हणून ब्रेक दाबून फरक पडत नाही. खडा नसला तरी पॅड बदलताना पान्याचा धक्का लागून पत्रा वाकू शकतो. आधी जेमतेम सुटून असतो, मग एखाद्या खड्ड्यात गाडी आपटली की टेकतो. तीन दिवसांच्या अंतराला हेही जुळतं.

गाडी कुठेही न नेता हे तुम्ही घरीच बऱ्यापैकी तपासू शकता.

एक, शाळेच्या किंवा कुठल्याही लांब कंपाउंडच्या भिंतीला डावी बाजू ठेवून, डावी काच खाली करून हळू चालवा. भिंतीवरून आवाज परतून येतो आणि बाजू नक्की होते. गाडीत बसून ऐकताना डावं-उजवं पुष्कळदा चुकतं, पुढचं-मागचंसुद्धा. मग त्याच वेगात हलका ब्रेक लावून ऐका, मोकळा सोडून ऐका. मग गिअर न्यूट्रलला टाकून क्षणभर ऐका. सपाट, रिकाम्या रस्त्यावरच करा हे. न्यूट्रलला आवाज तसाच राहिला तर इंजिन यातून सुटलं.

मग दिरांना कामाला लावा. टायरच्या बाहेरच्या बाजूला खडूने एक ठळक रेघ ओढा. तुम्ही गाडी पहिल्या गिअरमध्ये माणसाच्या चालीने चालवा, ते दोन हात अंतर राखून चाकाच्या बाजूने चालतील. मुलांना या कामाला लावू नका. दर वेळी 'खर्र' झाली तेव्हा खडूची रेघ कुठे होती एवढंच त्यांनी सांगायचं. दर फेरीला एकाच जागी आवाज आला, तर तो चाकाबरोबर फिरणाऱ्या आणि न फिरणाऱ्या भागांमधलाच आहे. लहान हॅचबॅकच्या टायरचा घेर साधारण 1.8 ते 1.95 मीटर असतो, म्हणजे 10 च्या वेगाने दहा सेकंदांत 14-15 फेऱ्या. कोणी बरोबर नसेल तर नुसत्या मोजणीनेही अंदाज येतो. मोजून 14-15 'खर्र' आले, की फेरीला एक.

हे झालं की गाडी मागे घ्या. मोकळ्या जागेत दहा-पंधरा मीटर रिव्हर्स, थोडं पुढे, पुन्हा रिव्हर्स, मध्ये स्टिअरिंग डावी-उजवी. खडा फटीत ज्या दिशेने घुसून रुतला असतो, त्याच्या उलट दिशेने डिस्क फिरली की पुष्कळदा सुटून खाली पडतो. मी स्वतः कितीतरी गाड्यांचा आवाज असा नुसता रिव्हर्स घेऊन घालवलाय. टण्णकन आवाज आला आणि मग शांतता झाली, तर समजा सुटलात. फक्त नंतर कधीतरी चाक उतरवून डिस्कच्या आतल्या बाजूला खोल चरा पडलाय का ते बघून घ्या.

रिव्हर्सने काम झालं नाही तर चाक उतरवायचं. स्वतः करणार असाल तर सपाट, टणक जागा हवी. गल्लीतल्या खडीवर जॅक लावू नका. हँडब्रेक ओढायचा, मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून विटा किंवा लाकडी ठोकळे लावायचे. नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे ढिले करायचे, मग उचलायची. उतरवलेलं चाक किंवा स्टेपनी दरवाज्याखालच्या पट्टीखाली आडवी सरकवून ठेवायची, जॅक घसरला तर गाडी तिच्यावर टेकेल. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली हात-डोकं घालायचं नाही. हे मी ओरडून सांगतो असं समजा.

चाक अजून उतरवलेलं नाही, नुसतं उचललंय, तेव्हा दिरांच्या शंकेचंही उत्तर घेऊन टाका. गिअर न्यूट्रलला ठेवा. एका हाताने चाक फिरवा, दुसरा हात सस्पेन्शनच्या गोल स्प्रिंगवर नुसता ठेवा. बेअरिंग खराब असेल तर स्प्रिंगमधून बारीक चुरचुर बोटांना जाणवते, रवा चाळताना चाळणीच्या कडेला जाणवते तशी. चांगल्या बेअरिंगची स्प्रिंग निवांत असते. मग चाक वर आणि खाली दोन हातांनी धरून आत-बाहेर हलवा. प्ले, म्हणजे ढिलेपणा, असेल तर बेअरिंग किंवा सस्पेन्शनचा सांधा, बॉल जॉइंट. डावी-उजवीकडे धरून हलवल्यावर प्ले लागला तर स्टिअरिंगच्या टाय रॉडकडे बघायचं. यातलं काहीच लागलं नाही, तर बेअरिंगला हात लावू देऊ नका. दोन्ही बाजूंची तर नाहीच. आणि कधी बदलायची वेळ आलीच, तर प्रेसवर दाबून बसवणाऱ्याकडेच जा. हातोड्याने ठोकून बसवलेलं नवीन बेअरिंग पहिल्या दिवसापासून जखमी असतं.

आता चाक काढा आणि डिस्कमागच्या पत्र्याकडे टॉर्च मारा. गंजलेल्या पत्र्यावर घासल्याची चकचकीत रेघ दिसेल, तीच गुन्हेगाराची जागा. खडा असेल तर पत्रा बोटांनी किंवा मोठ्या स्क्रूड्रायव्हरने हळूच मागे ओढा, पडेल. पत्रा वाकलेला असेल तर हातानेच मागे दाबून फट करा. डिस्क हाताने पूर्ण फेरा फिरवून बघा, कुठेच लागता कामा नये. या कामाला एक रुपयाचाही पार्ट लागत नाही. ब्रेकची काळी धूळ तोंडाने फुंकू नका, हवाही मारू नका, ती फुप्फुसात जाते. ओल्या फडक्याने पुसा.

पत्रा निर्दोष निघाला, तर मग मंगळवारच्या कामाकडे वळायचं. इथे मेकॅनिक बरोबर असलेला बरा. मी असतो तर आधी डिस्कची बाहेरची कड बघितली असती. 71 हजार चाललेल्या डिस्कला काठावर एक उंचवटा उरतो, कारण पॅड जिथे पोचत नाही तिथे डिस्क झिजत नाही. जुना पॅड त्या काठाला सांभाळून झिजलेला असतो. नवा पॅड ताठ, त्याची कड त्या उंचवट्याला घासू शकते, ब्रेक न दाबताही. डिस्कवर कमीत कमी जाडी कोरलेली असते. ती मोजून शिल्लक असेल तर काठ लेथवर काढता येतो, नसेल तर डिस्क बदलायच्या, आणि दोन्ही बाजूंच्या एकदम. मग पॅडवरची छोटी स्टीलची पट्टी. पॅड संपत आला, दोन-तीन मिलिमीटर उरला की डिस्कला लागून चीं करून सांगायचं हे तिचं काम. पॅड आतला बाहेर, बाहेरचा आत झाला किंवा ती वाकली, तर ती नव्या पॅडलाच ओरडायला लावते. पॅड ज्यात बसतात त्या ब्रॅकेटमधल्या पातळ क्लिपा जुन्याच वाकवून बसवल्या असतील किंवा गाळल्या असतील, तर पॅड खुळखुळतो. तो आवाज खड्ड्यांत येतो आणि ब्रेकला पाय लावला की थांबतो, म्हणून तुमच्याकडे तो नसावा.

सगळ्यात जास्त मला काळजी आहे ती कॅलिपरच्या पिनांची. कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा चिमटा, दोन पिनांवर सरकतो. त्या गंजल्या, कोरड्या पडल्या, तर ब्रेक सोडल्यावरही पॅड डिस्कला चिकटून राहतो. पॅड बदलताना त्या काढून, पुसून, उष्णता सोसणारं सिलिकॉन ग्रीस लावायला हवं. साधं चेसिस ग्रीस लावलं तर पिनेचं रबर फुगतं आणि पिन आणखी जाम होते. हे ओळखायला चाक काढायचीही गरज नाही. दहा-बारा किलोमीटर कमीत कमी ब्रेक वापरत चालवा, थांबा, हाताची मागची बाजू दोन्ही पुढच्या चाकांच्या जवळ न्या. रिमला हात लावू नका. डावं चाक उजव्यापेक्षा स्पष्ट जास्त तापलं असेल, जळका वास येत असेल, गाडी एका बाजूला ओढत असेल, तर पिन किंवा पॅड ढकलणारा पिस्टन जाम आहे. मग तो आवाज फक्त आवाज नाही, आणि घाटाचा विचारही करायचा नाही.

मेकॅनिकला जुने पॅड मागा, अजून कोपऱ्यात पडलेले असतील. डाव्या कॅलिपरचे आतला आणि बाहेरचा, दोन्ही शेजारी धरून बघा. सारखे झिजलेले असतील तर पिना ठीक सरकत होत्या. एक कागदासारखा आणि दुसरा अर्धा शिल्लक असेल तर पिन जाम होती, आणि नवीन पॅड टाकून ते दुखणं गेलेलं नाही. जुन्या पॅडएवढं खरं बोलणारा साक्षीदार दुसरा नाही.

अजून एक, चाक काढलंच आहे तर ब्रेकची रबरी नळी बघा. कॅलिपर काढताना ती पीळ खाऊन परत बसते कधीकधी. स्टिअरिंग पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे फिरवा, नळी आणि एबीएस सेन्सरची वायर टायरला किंवा रिमला कुठेही लागता कामा नये. नळी घासत असेल तर गाडी तिथेच थांबवायची.

गॅरेजमध्ये जाताना भांडायच्या तयारीने जाऊ नका. 'आवाज येतोय' एवढं सांगून गाडी सोडूनही येऊ नका. असं सांगा: 'काम मंगळवारी झालं, आवाज शुक्रवारपासून आहे. डावं पुढचं चाक. फेरीला एकदा येतो. ब्रेकने फरक नाही, न्यूट्रलला फरक नाही, उजव्या वळणाला वाढतो. डिस्कमागचा पत्रा आणि पिना माझ्यासमोर बघा.' असं बोलणाऱ्या माणसाला 'चालवत राहा' म्हणायची कोणाची हिंमत होत नाही, आणि चांगल्या मेकॅनिकला तर असं गिऱ्हाईक आवडतंच, त्याचं निम्मं काम झालेलं असतं. ट्रायलला तुम्ही स्वतः शेजारी बसा. त्याने ऐकायला नकार दिला, तर कराडात गॅरेजांची कमी नाही.

आता घाट. पाटण, कोयनानगर करत तुम्ही जाल, आणि कुंभार्ली उतरायचा तो भाद्रपदातल्या ओल्या रस्त्यावर, धुक्यात, पाच माणसांचं नसलं तरी चार माणसांचं आणि सणाच्या सामानाचं वजन घेऊन. उतारावर गाडी थांबवण्याचा मोठा वाटा पुढचे ब्रेक उचलतात. कारण सापडलं, दूर झालं, आणि त्यानंतर 50-60 किलोमीटर गाडी शांत चालली, दोन्ही चाकं सारखीच कोमट राहिली, तर बिनधास्त जा. कारण सापडलं नाही, पण 'बहुतेक काही नसावं' असं कोणी म्हणालं, तर या गाडीने सासूबाईंना आणि मुलांना घेऊन घाट उतरू नका. एसटीने जा. माहेरी तुमची वाट बघणाऱ्यांना तुम्ही कुठल्या वाहनाने आलात याचं काही नाही.

जाण्याआधी ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं हेही विचारा. ते हवेतलं पाणी शोषत जातं. डॉट 4 जातीचं ताजं ऑइल किमान 230 अंशांना उकळतं, पाणी मुरलेलं 155 अंशांच्या आसपास. लांब उतारावर सतत ब्रेक धरून ठेवला की ते तापमान दूर राहत नाही, आणि ऑइल उकळलं की पाय सरळ खाली जातो. दोन वर्षांपेक्षा जास्त झाली असतील तर आत्ताच बदलून घ्या. गाडी गॅरेजमध्ये आहेच. उतरताना दुसरा गिअर ठेवा, इंजिनला गाडी धरू द्या, ब्रेक थोडा लावा, सोडा, पुन्हा लावा. न्यूट्रल कधीच नाही.

एक साधी गोष्टही सांगून ठेवतो, नाहीतर चिपळूणला पहिल्याच सकाळी पुन्हा घाबराल. रात्रभर पावसात उभ्या राहिलेल्या गाडीच्या डिस्कवर नारिंगी गंजाचा पापुद्रा धरतो. सकाळी निघताना पहिल्या तीन-चार ब्रेकना दोन्ही चाकांतून खसखस येते आणि मग आपोआप जाते. कोकणात पावसाळ्यात हे घरोघरी आहे, त्याला काही करायचं नसतं.

आणि कोयनानगरच्या आसपास चहाला थांबाल, तेव्हा चहा सांगायच्या आधी दोन्ही पुढच्या चाकांजवळ हात नेऊन बघा, पाना काढून नटांवर एकदा फिरवा. घाट तिथून पुढे आहे.